एकट्याने नव्हे, चौघांनी चालावे



मी पस्तीस वर्षे दवाखाना चालवला. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, काहीही असो, चिठ्ठीच्या शेवटी ‘रोज चालणे’ हे दोन शब्द मी न चुकता लिहीत असे. स्वतः मात्र हाकेच्या अंतरावरच्या दवाखान्यात स्कूटरवरून जात असे. त्याचे फळ निवृत्तीनंतर मिळाले.

तीन वर्षांपूर्वी मी मुलीकडे आयर्लंडमधील ड्रोहेडा या गावी राहायला आलो. डब्लिनच्या उत्तरेला सुमारे पन्नास किलोमीटरवर, बॉइन नदीच्या दोन्ही काठांवर वसलेले हे ४४ हजार वस्तीचे गाव. इथे डिसेंबरात सकाळी साडेआठनंतर उजाडते आणि दुपारी चारच्या सुमारास अंधारून येते. मुलगी-जावई कामावर, नात शाळेत आणि मी खिडकीपाशी. पहिल्या हिवाळ्यात वजन चार किलोने वाढले, गोळ्या घेऊनही साखर चढली आणि जिना चढताना कठडा धरावा लागू लागला. औषधांत चूक नव्हती. दिवसभरात मी शंभर पावले टाकत नव्हतो आणि घरच्यांखेरीज कोणाशी चार शब्द बोलत नव्हतो, हे खरे दुखणे होते.

एके दिवशी शेजारच्या ७८ वर्षांच्या बाईंनी दार वाजवले. “मंगळवारी अकरा वाजता आम्ही नदीकाठी चालायला जातो, तुम्ही या,” एवढेच म्हणाल्या. मी पावसाची सबब सांगितली. इथे भुरभुर पावसाला ‘सॉफ्ट डे’ म्हणतात, आणि त्याला कोणी पाऊस मानत नाही!

आमच्या गटात बारा-चौदा जण आहेत. निवृत्त शिक्षिका, गवंडी, परिचारिका, एक शेतकरी. नदीच्या काठाने ओल्डब्रिजच्या दिशेने जायचे. १६९० साली इंग्लंडच्या गादीसाठी दोन राजांची लढाई झाली ती याच परिसरात. आता तिथे मोठी झाडे, हिरवळ आणि शांतता आहे. सगळ्यांत हळू चालणारा जो असेल, त्याच्या चालीने सगळे चालतात. परतल्यावर चहा. तोही आपल्यासारखाच कडक, दूध घातलेला.

आता थोडे वैद्यकीय. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात आणि पायांतले रक्त वर हृदयाकडे ढकलतात. म्हणून पोटरीला दुसरे हृदय म्हणतात. काम करणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्यानेही साखर कमी चढते. “चालून गुडघे झिजतील” अशी अनेकांना भीती वाटते. साध्या संधिवातात बेताने चालल्याने उलट मांडीचे स्नायू बळकट होतात आणि गुडघ्यावरचा भार हलका होतो.

१९५३ साली डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा सतत जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. गाडी तीच, रस्ता तोच. फरक होता तो हालचालीचा.

मग एकट्याने चालले तर काय बिघडले? काहीच नाही, पण एकट्याचे चालणे टिकत नाही. आज थंडी, उद्या पाहुणे, परवा कंटाळा. इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली चालण्याच्या गटांवरील ४२ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत १८४३ माणसे होती. त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी जवळजवळ ४ अंकांनी आणि खालचा ३ अंकांनी उतरला, वजन घटले आणि मनाची उदासीही कमी झाली. सुमारे तीन-चतुर्थांश लोक गटात टिकून राहिले. एखाद्या गोळीबाबत इतके रुग्ण टिकले असते, तर मी धन्य झालो असतो!

पण मला पटलेला सर्वांत मोठा फायदा कोणत्याही तक्त्यात मावत नाही. गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका मंगळवारी मी गेलो नाही. अंगात कसकस होती, थोडा खोकला होता. साधी सर्दी समजून पडून राहिलो. घरात कोणी नव्हते. साडेबाराला दार वाजले. गटातले दोघे उभे होते. “आज दिसला नाहीत, म्हणून आलो.” त्यांतल्या परिचारिका बाईंनी माझा श्वास पाहिला आणि लगेच मुलीला फोन केला. न्यूमोनिया निघाला. जन्मभर इतरांची छाती तपासणाऱ्या मला स्वतःचा न्यूमोनिया ओळखता आला नव्हता. संध्याकाळपर्यंत तसाच पडून राहिलो असतो, तर कदाचित हा लेख लिहायला उरलो नसतो.

आपल्याला हे नवे नाही. आळंदीहून पंढरपूरला जाणारे वारकरी दिंडीदिंडीने चालतात. रथापुढची कितवी, रथामागची कितवी, हे ठरलेले असते, आणि आपल्या दिंडीतले कोण मागे राहिले ते सोबतच्यांना ठाऊक असते. म्हातारी माणसेही इतकी मजल मारतात, त्यात श्रद्धेइतकाच या सोबतीचाही वाटा असावा. वारी वर्षातून एकदा. बाकीच्या दिवसांचे काय? आपल्या गावातही कितीतरी घरांत मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी आहेत आणि दोन म्हातारी माणसे, कधी एकच, मागे आहेत. ते आज दिसले नाहीत, हे कोणाच्या लक्षात येते?

चालायला सुरुवात करणाऱ्यांनी एवढे पाळावे:

१. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे पुरेत. मग हळूहळू वाढवत आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जावे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस किमान तेवढी आहे.

२. चालताना बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग कमी करावा.

३. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, घेरी असे काही वाटल्यास लगेच थांबून सोबत्याला सांगावे. लपवू नये. ज्यांना हृदयविकार आहे किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

४. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी आणि उपाशीपोटी चालू नये.

५. मधुमेहींनी अनवाणी चालू नये. घरी आल्यावर तळपाय पाहावेत. फोड दुखत नाही म्हणून तो नाही असे समजू नये.

६. पडण्याची भीती असल्यास काठी घ्यावी. काठीची लाज वाटू देऊ नये. मोडलेल्या खुब्यापेक्षा ती बरी.

विश्वस्तांशी माझे फोनवर बोलणे झाले आहे. दर मंगळवारी व शुक्रवारी सकाळी साडेसहाला महाद्वारापाशी जमावे. पावसाळ्यात सभामंडपातच फेऱ्या घालाव्यात. चौघाचौघांचे गट करावेत, एकमेकांचे फोन नंबर घ्यावेत, आणि जो आला नाही त्याच्या घरी त्याच दिवशी एकाने जाऊन यावे. हा शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा.

काही ज्येष्ठांकडे चालण्याजोगे बूट नाहीत, काहींना काठी घेणे परवडत नाही. त्यासाठी ट्रस्टच्या साहाय्य निधीत यथाशक्ती भर घालावी, ही विनंती. माझा वाटा मी पाठवला आहे. ज्यांना पैसे देणे शक्य नाही, त्यांनी शेजारच्या एका एकट्या माणसाचे दार वाजवावे. माझे दार कोणीतरी वाजवले, म्हणून मी आज चालतो आहे.

आपला,
एक निवृत्त डॉक्टर, ड्रोहेडा