फवारणीचे विष आणि मज्जातंतू

कपाशीवर फवारली जाणारी प्रोफेनोफॉससारखी फॉस्फरसयुक्त औषधे किडीच्या मज्जातंतूंवर आघात करतात. माणसाचे मज्जातंतूही त्याच तत्त्वावर चालतात, हे शेतकरी बंधूंनी ध्यानी ठेवावे. मज्जातंतूचा संदेश स्नायूस पोहोचविणारे अ‍ॅसिटिलकोलीन हे द्रव्य, काम होताच, शरीरातील एक विकर नष्ट करते. विष त्या विकरालाच निकामी करते. मग संदेश थांबत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, लाळ व घाम सुटतो, स्नायू फडफडतात आणि अखेर श्वास कोंडतो.

हे विष कातडीतूनही अंगात भिनते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व मजूर दगावले.

वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. औषध उघड्या हाताने ढवळू नये. हातमोजे, मुखपट्टी व अंगभर कपडे वापरावेत. बाधा दिसताच भिजलेले कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे; ओकारी काढू नये. औषधाच्या डब्यासह रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. अ‍ॅट्रोपीनचे इंजेक्शन वेळीच मिळाल्यास प्राण वाचू शकतात. ग्रामसेवकांनी ही माहिती हंगामापूर्वीच प्रत्येक मजुरापर्यंत पोहोचवावी. कारण पंप बहुधा त्याच्याच पाठीवर असतो.