स्टेशन आधी, हद्द नंतर

नवापूरच्या रेल्वे स्टेशनवर एक बाकडं आहे. अर्ध्यावर ‘महाराष्ट्र’ लिहिलंय, अर्ध्यावर ‘गुजरात’. नवरा-बायको शेजारी शेजारी बसले तर एकजण नंदुरबार जिल्ह्यात, दुसरा तापी जिल्ह्यात. येणारे-जाणारे तिथे फोटो काढतात, आणि काढावेतच. पण बाकड्यावरून उठून फलाटभर चालत गेलं की खरी मौज कळते. स्टेशनची लांबी साधारण 800 मीटर. त्यातले 300 मीटर महाराष्ट्रात, 500 गुजरातेत. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशन मास्तरांचं ऑफिस, प्रतीक्षालय आणि स्वच्छतागृह गुजरातेत. तिकीट काढलं, गाडीला अवकाश आहे म्हणून जरा आत जाऊन टेकलात, की राज्य बदललं. गाडीची घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशी चार भाषांत होते. सुरतेहून आलेली लांब एक्स्प्रेस थांबली की इंजिन महाराष्ट्रात शिरलेलं असतं आणि शेपटाकडचे डबे अजून गुजरातेतच असतात.

हद्दीवर नेमकं स्टेशन कुणी बांधलं, असा प्रश्न पडतो. कुणीच नाही. स्टेशन आधीचं आहे, हद्द नंतर आली.

ही लाइन तापी व्हॅली रेल्वेची. एकोणिसावं शतक संपता संपता ती सुरतेहून निघाली आणि व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा करत अमळनेरला पोचली. सुरत हे तापीच्या मुखाजवळचं जुनं बंदर आणि खानदेश हा कापसाचा मुलूख. नदीनं जी दिशा आखून ठेवली होती, साधारण तीच रुळांनी धरली. तेव्हा नवापूरचे दोन तुकडे होतील असं कुणाच्या ध्यानीमनी असायचं कारण नव्हतं. पुढे 1956 मध्ये मोठं द्वैभाषिक मुंबई राज्य झालं, तेव्हाही नवापूर पश्चिम खानदेश जिल्ह्यातला तालुका होता आणि सुरत त्याच राज्यातलं शहर होतं.

मग 1 मे 1960 उजाडला आणि त्या राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात असे दोन भाग झाले. आपण तो दिवस हुतात्म्यांच्या, मुंबईच्या आठवणीनं ओळखतो, आणि ते रास्तच आहे. पण मुंबई पुनर्रचना कायद्याला एक परिशिष्ट आहे, तेही एकदा बघावं. ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यातली काही गावं आणि पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या तालुक्यांतली काही गावं गुजरातकडे गेली. तिथे आहेत ती फक्त गावांची नावं. एकट्या पश्चिम खानदेशातून 156 गावं गेली. म्हणजे राज्याची सीमा इथे कुणी डोंगर, नदी बघून आखली नाही. गावं वाटली गेली आणि गावाची शीव हीच राज्याची सीमा झाली. शेतसाऱ्यासाठी मोजलेली, बांधाबांधानं वाकडीतिकडी गेलेली ती शीव. नवापूरच्या फलाटाखालून ती आधीपासून जातच होती. तिच्याकडे लक्ष द्यायची कुणाला गरज नव्हती. 1 मेच्या सकाळी ती दोन राज्यांमधली हद्द झाली आणि फलाट होता तिथेच राहिला.

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर हॅस्केल नावाचं एक वाचनालय आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उघडलेलं. त्याच्या वाचनखोलीत जमिनीवरून आंतरराष्ट्रीय सीमेची काळी पट्टी जाते. पण ती इमारत मुद्दाम हद्दीवर उभारली, दोन्हीकडच्या लोकांना वापरता यावी म्हणून. नवापूरला असा कुणाचा बेत नव्हता, म्हणून मला नवापूरचं नवल जास्त वाटतं.

त्याहून मोठं नवल म्हणजे ही हद्द सगळ्यांना सारखी लागत नाही. रेल्वे हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राचा विषय आहे. त्यामुळे रुळांना, सिग्नलला, तिकिटाच्या दराला हद्दीचा पत्ताच नाही. गुजरातेतलं मास्तरांचं ऑफिस आणि महाराष्ट्रातली खिडकी, दोन्ही पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागाखाली. चर्चगेटच्या लोकल चालवणारा विभाग तोच. पण पोलीस हा राज्यांचा विषय, आणि त्या नोंदीत ‘रेल्वे पोलिसांसह’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणून रूळ एक, गाडी एक, आणि पाकीट मारलं गेलं तर कुठल्या बाजूला, हा प्रश्न खराखुरा. कायदा करणाऱ्यांनी याचा विचार आधीच केलेला होता: चालत्या प्रवासात गुन्हा घडला तर तो प्रवास ज्या ज्या हद्दीतून झाला, तिथल्या कुठल्याही न्यायालयात खटला चालू शकतो, अशी तरतूद फौजदारी प्रक्रियेत आहे.

दारूचं तर आणखी विलक्षण. गुजरातेत दारूबंदी, महाराष्ट्रात परवान्यावर विक्री. त्यामुळे एका टोकाला चालणारी बाटली दुसऱ्या टोकाला गुन्हा ठरू शकते. आणि दोन्हीकडच्या नियमांचं मूळ एकच, मुंबई राज्याचा 1949 चा दारूबंदी कायदा. वाटणीत तो दोघांच्याही वाट्याला आला. एकानं तो कडक ठेवला, दुसऱ्यानं सैल केला.

माणसांची मात्र अशी वाटणी होत नाही. अनुसूचित जमातींच्या महाराष्ट्राच्या यादीत एक नोंद आहे: गामित, गामटा, गावित, मावची, पाडवी. गुजरातच्या यादीत तीच नोंद आहे, तीच नावं, त्याच क्रमानं. गुजरातेतल्या उच्छलकडची लेक नवापूरकडे सून होऊन येते, बाजार दोन्हीकडचा करतात, देवही सामाईक. आणि या लाइनीवरून पिढ्यान्‌पिढ्या खानदेश सुरतेला जात आलाय. कुणी ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत, कुणी सुरतेच्या मागांवर, कापडबाजारात. लाइन जिथे सुरू होते त्या सुरतेच्या उधन्यात, लिंबायतला, डिंडोलीला वस्त्याच्या वस्त्या अहिराणी बोलतात. त्यांच्या लेखी नवापूर म्हणजे काय, तर गावाकडून येताना लागणारं एक स्टेशन, जिथे गाडी थोडी थांबते आणि चहावाला डब्यात चढतो. उधना-जळगाव ही 307 किलोमीटरची लाइन आता दुपदरी झाली, तिच्यावर वीज आली. दुसरा रूळ टाकतानाही तो त्याच हद्दीवरून टाकावा लागला, आणि रुळाला त्यात काहीच अडचण आली नाही.