शुभ आधी, लाभ नंतर : खान्देशच्या घरगुती मालाला ऑनलाइन बाजारपेठ

आश्विन अमावास्येच्या प्रदोषकाळी जळगावच्या सराफ बाजारातील पेढ्यांपासून धुळ्याच्या पाचकंदील परिसरातील किराणा दुकानांपर्यंत सर्वत्र दिवे उजळतात. पाटावर कोरी वही मांडली जाते, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने 'श्री' रेखिला जातो आणि त्याच्या दोन्ही अंगांस 'शुभ' व 'लाभ' हे शब्द लिहिले जातात. शुभ आधी आणि लाभ नंतर, हा क्रम आपल्या पूर्वजांनी विचारपूर्वक लावून दिला आहे. व्यवहार चोख असेल तर त्याच्या मागून येणारा पैसा घरात टिकतो, एवढा अर्थ त्यात सामावलेला आहे.

आज या वहीशेजारी मोबाइलही ठेवलेला दिसतो. ज्या घरात दुकान नाही, गादी नाही, बाजारपेठेत ओटाही नाही, अशा घरातील सुनालेकी त्या मोबाइलवरून पापड, मसाले, शेवया विकू लागल्या आहेत. अनेकींच्या मनात तसा विचार घोळतो आहे. हा व्यवसाय आरंभावा कसा, त्यात पैसा खरोखर उरतो का आणि फसवणुकीपासून बचाव कसा करावा, या प्रश्नांचा विचार लक्ष्मीपूजनाच्या निमित्ताने करणे औचित्यपूर्ण ठरेल.

दूरचा ग्राहक खान्देशला नवा नाही

न पाहिलेल्या गिऱ्हाइकाला माल धाडणे ही आपल्या मुलखाला अपरिचित गोष्ट नाही. रावेर-सावद्याची केळी रेल्वेच्या वाघिणींतून दिल्लीच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या जात आली. टपालखात्याने १८७७ मध्ये व्ही.पी.पी.ची आणि १८८० मध्ये मनीऑर्डरची सोय केली, तेव्हापासून पंचांगे, पोथ्या, औषधे घरबसल्या मागविण्याची रीत पडली. पोस्टमनच्या हाती पैसे द्यावे व पार्सल सोडवून घ्यावे, हा जुना व्यवहार आणि आजचे 'कॅश ऑन डिलिव्हरी' ही एकाच कुळातील भावंडे होत.

अमळनेरचा इतिहास तर याहून बोलका आहे. डिसेंबर १९४५ मध्ये महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी तेथे वनस्पती तुपाचा व तेलाचा कारखाना काढला. जगभर संगणकसेवा पुरविणारी 'विप्रो' ही कंपनी त्याच बीजातून वाढली. जळगावच्या केळीला आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. जून २०२१ मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची बावीस टन मानांकित केळी दुबईस रवाना झाली. मालाला नाव असेल आणि त्या नावामागे सचोटी असेल, तर अंतर आड येत नाही, हेच यावरून सिद्ध होते.

नवे आहे ते एवढेच, की पूर्वी या दूरच्या बाजारासाठी भांडवल, दलाल आणि गोदाम लागे. आता त्याचे दार घरच्या स्वयंपाकघरात उघडते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे पुण्यातील गिऱ्हाइकाचे पैसे क्षणार्धात चोपड्याच्या गृहिणीच्या खात्यात जमा होऊ शकतात.

आरंभ एकाच वस्तूने करावा

नवशिक्याचा पहिला मोह असतो तो दहा वस्तू मांडण्याचा. तो टाळावा. आपल्या हाताला ज्या पदार्थाबद्दल शेजारीपाजारी वाखाणणी होते, असा एकच पदार्थ निवडावा. ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, नागलीचे पापड, कुरडया, शेवया, काळा मसाला, कळण्याचे पीठ, केळीचे वेफर्स यांपैकी कोणताही चालेल. मात्र तो टिकाऊ असावा आणि प्रवासाचे धक्के सोसणारा असावा. खापरावरची पुरणपोळी कितीही अमृतासमान असली तरी ती पार्सलाने धाडण्याजोगी नव्हे.

गिऱ्हाईकही आधी आपल्याच माणसांत शोधावे. जळगाव-धुळ्याची हजारो कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरत, नाशिक, पुणे, मुंबई येथे स्थायिक झाली आहेत. त्यांना बिबडे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ते कोठे मिळतील एवढेच त्यांना हवे असते. नातलगांच्या, ज्ञातिबांधवांच्या, जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटांतून पहिली दहा पार्सले धाडावीत. त्यांतील किती फुटली, किती वेळेवर पोचली आणि किती जणांनी पुन्हा मागविले, याची नोंद ठेवावी. या दहांचा अनुभव गाठी बांधल्यावरच ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो अशा मोठ्या विक्रीस्थळांचा किंवा बचतगटांसाठी असलेल्या 'उमेद मार्ट'चा विचार करावा.

माल डोळ्यांपुढे नाही, तेव्हा शब्दच माल होतो

दुकानात गिऱ्हाईक पापड हातात घेते, मसाल्याचा वास घेते. ऑनलाइन व्यवहारात त्याच्यापुढे असते ते एक छायाचित्र आणि चार ओळी. म्हणून या चार ओळींना मोल आहे. धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ रामदासांच्या हातचे वाल्मीकिरामायण जतन केलेले आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास समर्थांनी लेखनक्रियेला वाहिला आहे. स्वच्छ, सुबक व नेटके लिहिण्याचा हा धडा आजच्या विक्रेत्यानेही गिरवावा.

छायाचित्र दिवसाच्या उजेडात काढावे, आणि ते आपल्याच मालाचे असावे. दुसऱ्याच्या मालाचे सुंदर चित्र लावणे ही फसवणूकच होय. पापडाचा व्यास किती, एका किलोत नग किती, तिखट किती, मीठ किती, कोणत्या तेलात तळावा, हे स्पष्ट लिहावे. तिखट असेल तर तिखट म्हणावे. गिऱ्हाईक निराश होऊन माल परत करते ते बहुधा माल वाईट म्हणून नव्हे, तर वर्णन एक आणि वस्तू दुसरी म्हणून.

कायद्याचा आग्रहही हाच आहे. खाद्यपदार्थ विकणाऱ्या घरगुती उद्योगालाही अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. तिचा चौदा अंकी क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो. घटक पदार्थ, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना व वर्ष, किती काळ टिकेल, सर्व करांसह कमाल किंमत, तयार करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क, हा मजकूर वेष्टनावर असावा. ई-व्यापारासाठी ग्राहक संरक्षणाचे नियम २०२० मध्ये लागू झाले आहेत. हे सारे जाचक वाटण्याचे कारण नाही. गिऱ्हाइकाने न विचारताच त्याच्या प्रश्नांना दिलेली ती उत्तरे आहेत.

घरच्या लक्ष्मीचे श्रम वहीत मांडा

आता वहीकडे वळू. अर्ध्या किलोच्या बिबड्यांच्या पुड्याची किंमत समजा २०० रुपये ठेवली. ज्वारी, तीळ, मसाला व सरपण मिळून ५५ रुपये, खोके व वेष्टन १५ रुपये, विक्रीस्थळाचे शुल्क ३० रुपये आणि कुरिअर ५० रुपये, असा १५० रुपये खर्च येतो. मग गृहिणी म्हणते, पुड्यामागे ५० रुपये सुटले!

परंतु या हिशेबात एक रक्कम लिहावयाची राहून गेली आहे. पहाटे उठून घाटा शिजविणारी, उन्हात बिबडे थापणारी, ते वाळवून मोजणारी जी बाई, तिच्या श्रमाची किंमत कोठे आहे? ती पुड्यामागे ४५ रुपये धरली, तर हाती उरतात अवघे ५ रुपये. वीस पुड्यांपैकी एक वाटेत फुटला व त्याचे पैसे परत करावे लागले, तर एकोणीस पुड्यांवर मिळालेले ९५ रुपये आणि त्या एका पुड्याचा १९५ रुपये खर्च, म्हणजे शंभर रुपयांची खोट! घरातील बाईचे कष्ट फुकट धरल्यामुळेच हा धंदा फायद्याचा भासत होता.

उपाय त्याच वहीतून निघतो. पुडा एक किलोचा करून किंमत ४०० रुपये ठेवली, तर जिन्नस ११०, श्रम ९०, खोके २०, शुल्क ६० आणि कुरिअर ६० रुपये धरून खर्च ३४० रुपये होतो व ६० रुपये उरतात. वजन दुप्पट झाले तरी कुरिअरचा आकार दुप्पट होत नाही, ही त्यातील मेख आहे. येथे वीसपैकी एक पार्सल बुडाले तरी ८०० रुपये शिल्लक राहतात आणि केलेल्या श्रमाचे दामही मिळतात. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकीने आपल्या गावचे भाव व कुरिअरचे दर घालून स्वतःची मांडणी करावी. व्यवसायाचे खाते संसाराच्या खात्यापासून वेगळे ठेवावे आणि श्रमाची रक्कम ज्या बाईने कष्ट केले तिच्याच नावे जमा व्हावी. ज्या घरात तिजोरीतील लक्ष्मीची पूजा होते, त्या घराने चुलीपाशी राबणाऱ्या गृहलक्ष्मीला तिच्या श्रमाचे मोल द्यावे, हे त्या पूजेचेच अंग आहे.

नोंदणी आणि कर

लघुउद्योगाची 'उद्यम' नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. तीस सरकारी संकेतस्थळावर एक पैसाही शुल्क पडत नाही. कोणी त्यासाठी पैसे मागितल्यास सावध व्हावे. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना सवलत मिळाली आहे. उलाढाल नोंदणीच्या मर्यादेत असेल आणि विक्री आपल्याच राज्यात असेल, तर पॅनच्या आधारे नामांकन क्रमांक घेऊन नोंदणीविना विक्रीस्थळावरून माल विकता येतो.

खान्देशच्या विक्रेत्याने मात्र एक बाब ध्यानी ठेवावी. सुरत आपल्याला कितीही जवळची असली तरी ती गुजरातेत आहे. पापडाला या करातून सूट आहे. मसाला व वेफर्स करपात्र आहेत. करपात्र माल राज्याबाहेर विकायचा, तर उलाढाल लहान असली तरी नोंदणी करावी लागते. त्यामुळे नवापूरची सीमा ओलांडण्यापूर्वी जाणत्या करसल्लागाराचा सल्ला घ्यावा.

जाहिरात : आपली भाषा, आपला हात

ऑनलाइन प्रसिद्धीसाठी आरंभी पैसे ओतण्याची गरज नसते. अहमदनगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) सारोळा कासार येथील सुमन धामणे या आजींनी सत्तरीत असताना नातवाच्या साह्याने 'आपली आजी' या नावाने यूट्यूबवर पाककृती दाखविण्यास प्रारंभ केला आणि लाखो घरांत त्या पोचल्या. गावाकडचे बोल आणि सवयीचा हात, हेच त्यांचे भांडवल होते. २०२० मध्ये त्यांची वाहिनी कोणा अज्ञाताने बळकावलीही होती. सुदैवाने ती परत मिळाली. सांकेतिक शब्द तिजोरीच्या किल्लीप्रमाणे जपावा, हा त्यातील बोध.

आपल्याकडे अहिराणी आहे, लेवा गणबोली आहे. बिबडे थापताना जात्यावरच्या चार गोष्टी मायबोलीत सांगणारे लहानसे चलच्चित्र परमुलखातील खान्देशी मनाला जेवढे भिडेल, तेवढी भपकेबाज जाहिरात भिडणार नाही. आखाजी, कानबाईचा उत्सव, दिवाळी या सणांच्या तीन आठवडे आधी मागणी घ्यावी आणि जेवढे हात तेवढीच घ्यावी. सण उलटून गेल्यावर पोचलेले पार्सल पुढच्या वर्षीचे गिऱ्हाईकही घालविते.

अलक्ष्मीला दारातच अडवा

लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर घालविण्याची प्रथा आहे. आजची अलक्ष्मी 'घरबसल्या दररोज हजारो रुपये मिळवा' असा संदेश घेऊन येते. आरंभी एखादे चित्र पसंत केल्याबद्दल ती शंभर-दोनशे रुपये खात्यात जमाही करते. विश्वास बसला, की मोठ्या कामासाठी ठेव मागते, आणि ती भरली की नाहीशी होते. मुलीच्या लग्नासाठी साठविलेली पुंजी अशा वाटेने गेल्याची उदाहरणे घडली आहेत.

ओळखीची खूण सोपी आहे. धंदा म्हणजे मालाच्या मोबदल्यात पैसे येणे. माल काहीच नाही आणि आधी आपणच पैसे भरावयाचे, तेथे धंदा नाही. केवळ नवे सभासद जोडून पैसे मिळविण्याच्या साखळी योजनांना १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. तसेच पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही द्यावा लागत नाही. 'पैसे पाठवितो, क्यूआर कोड स्कॅन करा' असे म्हणणारा गिऱ्हाईक नसून भामटा असतो. चुकून फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळविले जाईल, तितकी पैसे वाटेत रोखले जाण्याची शक्यता अधिक.

पहिले पान

सुवर्णनगरी म्हणून जळगावची ख्याती झाली ती सोन्याच्या झळाळीइतकीच तेथील व्यवहारावरील विश्वासामुळे. दूरदूरची माणसे लग्नाचे दागिने घडविण्यास तेथे येतात, ती या विश्वासापोटी. ऑनलाइन बाजारात गिऱ्हाईक आपले तोंडही पाहत नाही. तेव्हा वजनातील दहा ग्रॅम, तारखेतील एक महिना, तक्रारीला दिलेले एक सौजन्यपूर्ण उत्तर, यांवरच तेथे पत उभी राहते.

म्हणून या लक्ष्मीपूजनाला, दुकान असो वा नसो, घरातील गृहिणीच्या हाती एक कोरी वही द्यावी. पहिल्या पानावर 'श्री' रेखावा, 'शुभ' व 'लाभ' लिहावे. दुसऱ्या पानावर एका पदार्थाचा हिशेब तिच्या श्रमासह मांडावा, आणि तिसऱ्या पानावर पहिल्या दहा गिऱ्हाइकांसाठी जागा सोडावी. श्रीलक्ष्मी अशा घरी स्थिर पावलांनी येवो आणि खान्देशच्या लेकीसुनांच्या हाताला यश लाभो, हीच दीपावलीची प्रार्थना!