एका गळाला एक मासा

कुपा हा काही आपल्याकडे कौतुकाने घरी नेण्याचा मासा नव्हे. बाजारात पापलेट आणि सुरमईच्या पाट्यांभोवती गिऱ्हाइकांची झुंबड असते. कुपा आणि त्याचा भाऊबंद गेदर हे बाजूला निळेकाळे अंग टाकून पडलेले असतात, आणि कोळीणमावशीसुद्धा त्यांची तारीफ जरा पडत्या आवाजातच करते. मांस लालभडक, वास उग्र, शिजवले की कोरडे, अशा त्याच्याविरुद्ध तक्रारी. तोच मासा परदेशी डब्यात बसून ‘ट्यूना’ या नावाने आला की मात्र आपण चष्मा पुसून किंमत वाचतो! अशा माशासाठी आम्ही चार पोक्त गृहस्थ गेल्या डिसेंबरात मुंबईहून कोचीला आणि कोचीहून आगबोटीने सुमारे ४०० किलोमीटर समुद्र ओलांडून मिनिकॉयला गेलो, हे ऐकून आमच्या शेजारणीने सौभाग्यवतींना विचारले, “का हो, दादरला मिळत नाही का?”

दादरला मिळतो. पण मिनिकॉयला तो ज्या रीतीने धरतात, ती रीत भारतात लक्षद्वीपच्या बेटांवरच जिवंत आहे, आणि त्यांतही तिचे माहेर मिनिकॉय. आमच्या चौघांपैकी एक जण सरकारी मत्स्यसंशोधनात उभी हयात घालवून निवृत्त झालेले. नोकरीतली काही वर्षे त्यांनी याच बेटावर काढली होती. “एकदा डोळ्यांनी बघा, मग मरायला मोकळे,” हे त्यांचे नेहमीचे पालुपद. लक्षद्वीपला पाऊल टाकायचे तर परवाना लागतो. ती सारी लिखापढी त्यांनीच केली. दुसरे आमचे डॉक्टर, तिसरे बँकेतले, आणि चौथा मी, मराठीचा मास्तर. मासेमारीशी माझा संबंध जेवणाच्या ताटापलीकडे कधी गेला नव्हता.

मिनिकॉय हे दहाएक किलोमीटर लांबीचे, कोयत्यासारखे वाकलेले बेट. नकाशावर ते लक्षद्वीपच्या इतर बेटांपासून फटकून, पार दक्षिणेला, मालदीवच्या अंगणात पडले आहे. पश्चिमेकडे पोवळ्याच्या कड्याने अडवलेले उथळ, हिरवेनिळे पाणी, आणि कड्यापलीकडे एकदम अथांग समुद्र. दक्षिणेला १८८५ साली उभारलेला पांढरा दीपस्तंभ. गावे लहान पण टापटिपीची. प्रत्येक गावाचा एक प्रमुख असतो आणि त्याला ‘बोडुकाका’ म्हणतात, हे ऐकून आम्ही तिथेच निम्मे घरचे झालो. इतर बेटांवर मल्याळमची बहीण शोभेल अशी बोली. इथे मात्र माहल. ती मालदीवच्या दिवेहीचीच एक बोली, आणि दिवेही ही सिंहलीप्रमाणे संस्कृत-प्राकृताच्या कुळातली. म्हणजे मराठीची दूरची चुलतबहीण!

आता मराठीच्या मास्तराला एवढे पुरे होते. बाकीचे समुद्राकडे पाहत होते तेव्हा मी वही काढून शब्द गोळा करीत बसलो. मासा म्हणजे ‘मस’. पाणी म्हणजे ‘फेन’, पाय म्हणजे ‘फाय’. आपल्या ‘प’ला तिथे फुंकर मारून ‘फ’ करतात. हाताला ‘अत’. मिठाला ‘लोनु’, म्हणजे आपले लोणच्यातले लोण. साखरेला ‘हकुरु’ आणि चंद्राला ‘हंदु’. आपला ‘स’ नि ‘च’ तिथे ‘ह’ होतो, जसा सुरती माणसाच्या तोंडी ‘सात’चा ‘हात’ होतो. आकडे तर ऐकावेत असे: एके, दे, तिने, हतरे, फहे, हये, हते, अशे, नुवे, दिहे. दोनदा म्हणून पाहा, दहापर्यंत पोचेस्तो आजीच्या मांडीवर बसल्यासारखे वाटेल. लिपी मात्र उजवीकडून डावीकडे जाणारी, आणि तिची पहिली नऊ अक्षरे चक्क अरबी आकड्यांवरून घेतलेली. आकड्यांवरून अक्षरे घडवणाऱ्या लोकांच्या देशात मोजणी शिकायला मिळावी, हा योग मोठा!

आमच्या मित्रांच्या ओळखीचा तांडेल साठीच्या घरातला, काटक, अबोल माणूस. (तांडेल हा आपल्या कोकणातला शब्द, त्याच्यासाठी मला तोच सुचतो.) थोरला मुलगा व्यापारी जहाजावर, कुठल्या तरी दूरच्या बंदरात. यात नवल नाही. मिनिकॉयचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जगभरच्या जहाजांवर खलाशी म्हणून जात आले आहेत. धाकटा एकोणीस वर्षांचा. त्याचेही प्रशिक्षण संपलेले, आणि जहाजाचे बोलावणे आज येईल की उद्या, अशी घरात वाट पाहणे चाललेले. आई आनंदात होती. तांडेल काही बोलत नव्हता. बोटीवर त्याच्यासह नऊ माणसे. त्यांतली पाच पन्नाशी ओलांडलेली. मागचे चार दिवस बोट जवळजवळ रिकामी आली होती, आणि डिझेलची उधारी चढली होती. आमच्या मित्रांनी हे आम्हांला आदल्या रात्री सांगितले आणि बजावले, “उद्या बोटीवर कुणी उगाच ‘किती मिळतील?’ असे विचारू नका.”

पहाटे निघालो. मला वाटले, आता थेट समुद्र. पण कुप्याच्या शिकारीचा पहिला अंक त्या उथळ पाण्यातच घडतो. आधी धरायचे ते आमिष, आणि तेही जिवंत! ‘होंदेली’ नावाचे बोटभर लांबीचे, चांदीच्या काडीसारखे मासे पोवळ्याच्या आसपास थव्याने राहतात. जाळे पाण्यात पसरून खाली सोडायचे, वर माशांचा लगदा भुरभुरायचा, होंदेली त्यावर जमली की चारी बाजूंनी जाळे अलगद उचलायचे. अलगद म्हणजे किती अलगद? हात लागला तरी खवले गळून ती मरते. म्हणून पाण्यासकट उचलून बोटीच्या मधल्या टाकीत सोडायची. ही टाकी म्हणजे बोटीच्या पोटातला एक बंदिस्त कप्पा. त्याच्या तळाला मुद्दाम भोके ठेवलेली असतात. समुद्राचे ताजे पाणी खालून आत येते आणि जुने बाहेर जात राहते. तळाला भोके पाडलेल्या बोटीत आपण बसलो आहोत हे कळल्यावर डॉक्टरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

तीनदा जाळे टाकले. टाकी अर्धीच भरली. तांडेलाने टाकीत वाकून पाहिले, आकाशाकडे पाहिले, आणि बोट बाहेर काढली. मित्र हळूच म्हणाले, “पूर्वी एका जाळ्यात काम व्हायचे.” समुद्र तापला की पोवळी पांढरी पडून मरतात; १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपच्या पोवळ्यांना असे मोठे तडाखे बसले. पोवळे गेले की त्याच्या आसऱ्याला राहणारे बारके मासे कमी होतात. कुपा बाहेरच्या खोल समुद्रात कितीही असो, त्याला बोटीपाशी आणणारी ही बोटभर होंदेली नसली, तर नऊ माणसे नि नऊ काठ्या लाकडाच्या मोळीइतक्याच कामाच्या.

बाहेर डिसेंबरचा समुद्र शांत असतो म्हणतात. तो कुणासाठी शांत, हे मला ठाऊक नाही. डॉक्टर पहिल्या अर्ध्या तासात आडवे झाले आणि आपल्याच पेटीतल्या गोळ्या त्यांनी आपल्यालाच लिहून दिल्या. आम्ही बाकीचे क्षितिज न्याहाळत होतो, कारण कुप्याचा पत्ता पाण्यात शोधायचा नसतो. तो आकाशात असतो. सुरय पक्ष्यांचा थवा एका जागी घिरट्या घालून खाली झेपावताना दिसला, की समजावे, खाली कुप्याने बारक्या माशांना वर हाकलले आहे.

हा कुपा म्हणजे मिनिकॉयचा ‘कळुबिलमस’. कळु म्हणजे काळा. पाठ गर्द निळी, पोटावर चार-सहा काळे पट्टे. त्याच्या पोटात इतर माशांसारखी हवेची पिशवी नसते, आणि श्वासासाठी कल्ल्यांतून पाणी सतत वाहते ठेवावे लागते. म्हणजे पोहणे थांबले की बुडायचे आणि गुदमरायचेही! जन्मापासून मरेपर्यंत हा प्राणी एक क्षण विसावत नाही. वर रक्त भोवतालच्या पाण्याहून ऊबदार. अशा भट्टीला इंधन किती लागत असेल! म्हणूनच तो सदा भुकेला, आणि भुकेपोटी चकाकत्या लोखंडालाही तोंड लावणारा.

नऊच्या सुमाराला पहिला थवा दिसला. बोट वेगाने गेली, मूठमूठ होंदेली पाण्यात पडली, काठ्या सरसावल्या. आणि काही नाही. मासे खाली दिसत होते, पण वर येईनात. पोट भरलेले असावे. निम्मे आमिष तिथेच संपले. अर्ध्या टाकीचे निम्मे. पुढे दोन तास समुद्र कोरा. मोटारीच्या आवाजाखेरीज आवाज नाही. धाकटा मुलगा डिझेलच्या टाकीत काठी घालून ओल पाहून आला आणि बापाला त्याने दोन बोटे दाखवली. आता परतले तर उद्याला थोडे इंधन उरेल. आणखी दक्षिणेला गेले तर उरणार नाही. बँकेतले मित्र असल्या हिशेबात मुरलेले. त्यांच्या ओठांवर सल्ला आलेला मला दिसत होता, पण आदल्या रात्रीचे बजावणे त्यांना आठवले असावे. तांडेलाने सुकाणू दक्षिणेला वळवले.

पुढची पंधरा मिनिटे लिहायला मला शब्द पुरत नाहीत. पक्षी, पाणी उकळल्यासारखे फसफसलेले, बोटीच्या मागच्या फळीवर खांद्याला खांदा लावून उभी असलेली माणसे. एक जण होंदेली फेकतो आहे, पण आता मुठीने नव्हे, चार-चार, पाच-पाच, कंजूष सावकारासारखा. दुसरा फळीमागे पाण्याचे फवारे उडवतो आहे; त्यामुळे वर बारक्या माशांची झुंबड आहे असे कुप्याला वाटते, आणि बोट नि दोरी त्याला दिसत नाही. काठीला चमकता गळ, आणि त्या गळाला उलटा काटा नाही. यातच सारी करामत. मासा लागला की काठीला एक झटका. मासा हवेत कमान घेऊन डोक्यावरून मागे फळ्यांवर आपटतो, गळ आपोआप सुटतो, आणि मासा पडायच्या आत गळ पुन्हा पाण्यात! काढायला हात लावावा लागत नाही. धाकट्याची काठी तर दिसतच नव्हती, फक्त मासे दिसत होते. फळ्यांवर शेपट्यांचा ताशा वाजत होता. मी मोजायला सुरुवात केली होती, एके, दे, तिने. दिहेच्या पुढे माझी विद्या संपली आणि मी पुन्हा एकेवर आलो.

मग एकाएकी सगळे थांबले. घोळका खाली गेला. टाकीत पाहिले तर होंदेलीही संपली होती.

परतताना मित्रांनी मला एक हिशेब समजावला. १९८०च्या दशकापासून पश्चिम हिंदी महासागरात परदेशी मोठी जहाजे प्रचंड जाळ्याने सबंध घोळकाच वेढून उचलतात. त्यात वाढीला न लागलेली पिल्ले येतात, मुशी येतात, कधी कासवेही येतात. इथे एका गळाला एक मासा. नको तो मासा फारसा लागत नाही, लागला तर जिवंत परत सोडता येतो. समुद्राला ही रीत सोसते. माणसाला सोसते का, हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही. समोर तांडेल आपला उजवा खांदा चोळीत बसला होता.

किनाऱ्यावर मोजणी झाली: १४२. भरघोस नव्हे, पण उधारी भागेल नि वाटणीला काही उरेल, एवढे. घरी बायकांनी लगेच कामाला हात घातला. मासा चिरून लांब फाका काढायच्या, खाऱ्या पाण्यात उकडायच्या, नारळाच्या सोडणांच्या धुरावर धरायच्या, मग उन्हात वाळवायच्या. याचे नाव ‘मासमीन’. लाकडासारखे टणक, आणि वर्षभर टिकणारे. चौदाव्या शतकात मालदीवला गेलेल्या इब्न बतूताने याच माशाचे नाव ‘कुल्ब अल-मास’ असे लिहून ठेवले आहे, आणि तो धुरवून हिंदुस्थान, चीन नि येमेनपर्यंत जातो असे नोंदले आहे. जपानी लोक याच जातीच्या माशाचे कात्सुओबुशी करतात. त्या रात्री तांडेलाच्या घरी खोबऱ्यात घातलेले मासमीन आणि भात जेवलो. दोन दिवस निव्वळ ताकावर राहण्याचा पण केलेल्या डॉक्टरांनी तिसऱ्यांदा भात मागून घेतला.

तिसऱ्या दिवशी आम्ही परतीची आगबोट धरली, तेव्हा डेकवर धाकटा भेटला. नवी बॅग, नवे बूट. बोलावणे आदल्या संध्याकाळी आले होते. आईने दिलेली मासमीनची पिशवी त्याने छातीशी धरली होती. आमच्या मित्रांनी त्याला विचारले, “वडील पोचवायला आले नाहीत?”

“पहाटेच गेले, सर. आठ जण.”

बेट मागे पडू लागले, दीपस्तंभ तेवढा उरला. मोबाइलची खूण जायच्या आत त्याने घरी एकदा फोन लावला, आईशी माहलमध्ये बोलला, आणि मग आमच्याकडे वळून म्हणाला, “बोट अजून आली नाही.”

“आणि होंदेली? किती मिळाली होती?” मित्रांनी विचारले.

“अर्धी टाकी,” तो म्हणाला.