चरित्रकाराचा पक्षपात व रिद्धपूरचे चरित्रग्रंथ

अमरावती-अकोल्याकडील पोथीसंग्राहकांकडून आम्हांस वारंवार पृच्छा होते कीं, चरित्रकार भक्त असल्यास त्याची साक्ष इतिहासांत कितपत ग्राह्य मानावी ? अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपुराशीं निगडित अशा दोन ग्रंथांच्या आधारें याचा विचार करूं.

म्हाइंभटानें श्रीचक्रधरांचें 'लीळाचरित्र' व श्रीगोविंदप्रभूंचें चरित्र इ. स. च्या १३ व्या शतकाच्या उत्तरार्धांत संकलित केलें. दोघांसही तो परमेश्वरावतार मानी. अर्थात् त्याचा पक्ष उघड आहे. परंतु पक्ष असणें निराळें व साक्ष खोटी असणें निराळें.

मीमांसकांनीं अर्थवादाचे तीन प्रकार मानिले आहेत. अन्य प्रमाणाशीं विरोध येतो तो गुणवाद, अन्य प्रमाणानें सिद्ध तो अनुवाद, आणि विरोध व सिद्धि दोन्ही नसतां भूतार्थवाद. हीच कसोटी येथें लावावी. चमत्काराच्या लीळा हा गुणवाद. त्यांवरून श्रद्धा कळते, घटना नव्हे. यादव राजांचीं नांवें शिलालेखांशीं जुळतात, हा अनुवाद. खरा लाभ तिसऱ्या वर्गांत आहे : वाटेवरचीं गांवें, देवळें, जेवणखाण, बोलचाल. हें रचून सांगण्यांत भक्तास कांहींच स्वार्थ नव्हता.

याहून बलवत्तर साक्ष स्वपक्षास अडचणीची असते. रिद्धपूरचे लोक गोविंदप्रभूंस वेडे म्हणत, हें चरित्रकार लपवीत नाहीं. म्हणून तें विश्वसनीय. उलट, हेमाद्रीस दोष देणारा मजकूर पाहा. 'चतुर्वर्गचिंतामणि'कार हेमाद्रि व्रतदानांचा पुरस्कर्ता. महानुभावांस अन्य देवतांचीं व्रतें अमान्य. अशा ठिकाणीं चरित्रांतील कथन एका वादीची कैफियत समजावी, व स्वतंत्र पुरावा मिळेपर्यंत निर्णय राखून ठेवावा.

आतां संग्राहकांचें कर्तव्य. 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत गहाळ झाल्यावर शिष्यांनीं तो ग्रंथ स्मरणानें पुनः जुळविला, अशी पंथाची परंपरा आहे. त्यामुळें पोथ्यांत निरनिराळे पाठ व 'शोध' नोंदलेले आढळतात. डॉ. वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ति १९७८ सालीं निघाली, म्हणून हस्तलिखितांचें प्रयोजन संपलें असें नाहीं. चरित्रकाराप्रमाणें लेखनिकासही पक्ष असतो; एखादा अप्रिय शब्द तो सहज गाळतो. तें गाळणें दुसरी प्रत शेजारीं ठेविल्यावांचून उघडकीस येत नाहीं.

याकरितां आमची विनंती इतकीच कीं, नक्कल करतांना 'शोध', समासांतील टीपा व खाडाखोड जशीच्या तशी उतरावी. शुद्ध करण्याच्या भरांत कांहीं वगळूं नये. जें विसंगत दिसतें, तेंच पुष्कळदां खरा साक्षीदार ठरतें.