पुण्य सणाचं, पोट रोजचं!

मैत्रिणींनो, घरखर्चाच्या वहीत दोन तऱ्हेचे खर्च असतात, हे तुम्हांला कुणी सांगायला नको. एक सणावाराचा, दुसरा रोजचा. दिवाळीला हात थोडा सैल सुटतो, तेवढं चालतं. पण दुधाचा रतीब, किराणा, गॅस यांना सणवार कळत नाही. एखाद्या घरी दिवाळीत पाच पक्वान्नं झाली आणि उन्हाळ्यात चूलच पेटली नाही, तर त्या घराला आपण काय म्हणू?

आपल्या गावोगावच्या गोरक्षणांची आणि पांजरपोळांची नेमकी हीच तऱ्हा झाली आहे. पोळा आला, वसुबारस आली, संक्रांत आली की दारात रांग लागते. कुणी गूळ आणतं, कुणी ढेप, कुणी पुरणपोळ्यांची चळत. गायीच्या पाठीवरून हात फिरवून, नमस्कार करून मंडळी घरी जातात. आणि मग वैशाख येतो. कडबा संपत आलेला, हिरवा चारा नाही, पाण्याला टँकर. त्या वेळी दारात कुणी नसतं. आत जनावरं मात्र तेवढीच असतात, किंबहुना चार जास्तच!

गर्दी होते कुठून?

मंगरूळपीरचंच उदाहरण घ्या ना. दादा हयात कलंदरांचा दर्गा आणि बिरबलनाथ महाराजांचं संस्थान, दोन्ही ज्या गावात आहेत, तिथे दयाधर्माची काही वाण नाही. भोवती सगळा शेतीचा मुलूख. पण ही शेतीच बदलली आहे. पूर्वी वऱ्हाडात ज्वारी भरपूर पिके. माणसांना भाकरी आणि गुरांना कडबा एकाच पिकातून मिळे. पुढे ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं. सोयाबीनचं कुटार जनावर खातं, नाही असं नाही. पण त्याला कडब्याची सर नाही. त्यातच नांगरटीला ट्रॅक्टर आला आणि बैलाचं काम गेलं. काम नाही आणि चाराही विकतचा, मग म्हातारं जनावर सांभाळायचं कसं?

कायद्याचाही एक भाग आहे. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्याने राज्यात गायींची कत्तल बंद होतीच. २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्या बंदीत आले. जनावर वाचावं हा कायद्याचा हेतू. पण वाचलेलं जनावर पुढे आठ-दहा वर्षं जगतं, रोज खातं. ते कोण घालणार, याचा हिशेब शेवटी पांजरपोळाच्या दारात येऊन पडतो.

पोलिसांनी गाडी अडवून सोडवलेली गुरंही तिथेच येतात. कायद्याच्या भाषेत ती ‘मुद्देमाल’! जप्त केलेल्या जनावरांच्या पालनपोषणाचा खर्च आरोपीकडून घ्यावा, असे नियम केंद्र सरकारने २०१७ साली केले. पण खटल्याचा निकाल जेव्हा लागायचा तेव्हा लागेल; दावणीला बांधलेलं वासरू तोवर उपाशी राहणार आहे का?

जुन्या काळी कोंडवाडा असे, आठवतं? मोकाट जनावर कोंडवाड्यात गेलं की मालक धावत येई, दंड भरी आणि सोडवून नेई. कारण त्या जनावराची त्याला गरज असे. आज भाकड गायीच्या मागे कुणी येत नाही. म्हणून कोंडवाडा रिकामा होई, आणि पांजरपोळ मात्र भरतच जातो.

जरा हिशेब मांडू या

साधारण ३०० किलो वजनाच्या गायीला रोज सहा ते आठ किलो सुका चारा लागतो. आपण सातच धरू. म्हणजे १०० जनावरांना रोज सात क्विंटल, आणि वर्षाला अडीच हजार क्विंटलांहून जास्त! वर हिरवा चारा, मीठ, पाणी, खुरांची आणि जखमांची औषधं, शेणकाढणीची मजुरी ही वेगळीच. तुमच्या गावच्या बाजारात कडब्याचा आजचा भाव काय आहे तो विचारा आणि गुणाकार करून पाहा. डोळे फिरतील!

सरकार काहीच देत नाही असंही नाही, बरं का. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने गोशाळांतल्या देशी गायींसाठी दर गायीमागे दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवलं. हे काम महाराष्ट्र गोसेवा आयोगाकडे सोपवलं. १०० गायींना दिवसाला ५,००० रुपये म्हणजे मोठाच आधार. पण हे पैसे हवेत तर संस्थेची नोंदणी हवी, गायीच्या कानात बिल्ला हवा, वह्या चोख हव्यात. शिवाय हे अनुदान नावाप्रमाणे देशी गायींचं. संकरित गाय, म्हैस, गाडीखाली पाय गेलेलं गाढव किंवा कुत्रं यांचा त्यात समावेश नाही. त्यांचं पोट देणगीवरच अवलंबून.

कुत्र्यांचं गणित आणखी निराळं. सगळी मोकाट कुत्री आयुष्यभर निवाऱ्यात ठेवणं कुठल्याही गावाला परवडणार नाही. म्हणून २००१ पासूनचे नियम सांगतात, की कुत्र्याची नसबंदी करा, रेबीजची लस द्या आणि त्याला त्याच्या गल्लीत परत सोडा. २०२३ च्या नव्या नियमांनीही ही जबाबदारी नगरपरिषदेवर ठेवली. मात्र ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. पोरांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, आदेश समजण्यासारखा आहे. पण निवारा म्हटला की पुन्हा तोच प्रश्न आला: रोजचा खर्च कुणाचा?

मुंबईच्या व्यापाऱ्यांची युक्ती

या प्रश्नाचं एक उत्तर आपल्याकडे जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी निघालं होतं. १८३२ साली मुंबईत इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा लावला. कुत्र्यामागे बक्षीस मिळे, म्हणून शिपाई घरातली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी समाज खवळला, शहरात दंगा झाला, दुकानं बंद पडली. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि त्यांच्या बरोबरच्या व्यापाऱ्यांनी भुलेश्वरला पांजरपोळ काढला. तो आजही आहे.

तो टिकला कशावर? केवळ एखाद्या शेठजींच्या मोठ्या देणगीवर नव्हे. व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावर थोडासा ‘लागा’ बसवून घेतला. माल विकला गेला की त्यातला लहानसा वाटा पांजरपोळाला. कुणालाही जड नाही, कुणाला आठवण करून द्यायला नको, आणि पैसा मात्र बारमाही! गुजरातेतल्या आणि पश्चिम हिंदुस्थानातल्या कितीतरी पांजरपोळांचा संसार अशा लाग्यावरच चालला. सणाला हजार देणारा एक, यापेक्षा दरमहा दहा देणारे शंभर बरे, हे त्या व्यवहारी माणसांना पक्कं ठाऊक होतं.

आपल्याला काय करता येईल?

आपण काही व्यापारी पेढ्या चालवत नाही. पण भिशी तर चालवतो ना? मग एक भिशी चाऱ्याची का असू नये? १५ जणींनी दरमहा १०० रुपये काढले तर १,५०० होतात. सरकारी अनुदानाच्या हिशेबाने, म्हणजे दिवसाला ५० रुपये धरले, तर एका जनावराचा तो एक महिना. आणि सरकारी यादीत नसलेलं जनावर मुद्दाम निवडा. म्हातारी संकरित गाय, लंगडं गाढव, कुणीही. त्याला आपलं म्हणा.

पैसे देताना या गोष्टी मात्र ध्यानात ठेवा:

१. संस्था नोंदलेली आहे का आणि हिशेब दाखवते का, हे आधी विचारा. विचारायला संकोच कसला? भाजीवालीशी दोन रुपयांसाठी आपण वाद घालतोच की! पावती मात्र घ्याच.

२. चारा द्यायचा तर सुगीत द्या. पीक निघतं तेव्हा कडबा स्वस्त, उन्हाळ्यात महाग. तेच पैसे तेव्हा जास्त पेंढ्या देतात. साठवायला कोरडी जागा आहे का, तेवढं पाहून घ्या.

३. पुरणपोळ्या, शिळा भात, पोळ्यांचा ढीग जनावरापुढे टाकू नका. घासभर नैवेद्य ठीक. पण शिजलेलं, पिठूळ अन्न एकदम जास्त पोटात गेलं की गायीच्या पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, कधी जीवही जातो. आपण पुण्य म्हणून देतो आणि डॉक्टरचा खर्च संस्थेला पडतो.

४. स्वयंपाकघरातला कचरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रस्त्यावर टाकू नका. राज्यात २०१८ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे, तरी त्या दिसतातच. सालींच्या वासाने गाय पिशवीसकट गिळते. ती पिशवी पोटात पचत नाही, बाहेरही पडत नाही. साली वेगळ्या बादलीत ठेवल्या तर एक आजारी जनावर पांजरपोळात जायचं वाचेल.

५. घरी कुत्रा किंवा मांजर असेल तर नसबंदी वेळेवर करून घ्या. पिल्लं पोत्यात घालून संस्थेच्या फाटकाशी सोडून येणं ही दया नव्हे. आपला बोजा दुसऱ्याच्या दारात टाकणं आहे.

६. गल्लीतल्या बायका मिळून नगरपरिषदेत जा आणि विचारा: यंदाच्या अंदाजपत्रकात कुत्र्यांच्या नसबंदीला किती रक्कम ठेवली? नळाला पाणी आलं नाही की आपण मोर्चा नेतो, मग हेही विचारायला काय हरकत आहे?

यातलं एकही काम संसार सोडून करायचं नाही. दुधाचा रतीब जसा वहीत लिहिता, तसाच त्याच्या खाली आणखी एक रतीब लिहा: चारा, १०० रुपये. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड जरूर लावा, औक्षणही करा. पण त्याचं खरं औक्षण होतं ते मे महिन्यातल्या भर दुपारी, त्याच्यापुढे पडलेल्या कडब्याच्या पेंढीने! पुढच्या भिशीला हा विषय काढाल ना?