पाण्याखालचा फ्युएल सेल : खरी अडचण ऑक्सिजनची

फ्युएल सेल म्हटलं की हायड्रोजनवर धावणारी बस डोळ्यांसमोर येते. तोच हिशेब समुद्रात खोल, माणसाविना फिरणाऱ्या यानांना लावला की गैरसमज सुरू होतात.

गैरसमज : फ्युएल सेल म्हणजे मोठी बॅटरीच.

वस्तुस्थिती : बॅटरीत वीज देणारी रसायनं आतच असतात, ती उतरली की चार्जिंगला लावायची. फ्युएल सेलला हायड्रोजन आणि ऑक्सिजन टाक्यांतून पुरवत राहावं लागतं. पल्ला वाढवायचा तर टाक्या वाढवायच्या, सेल तोच राहतो. जपानच्या जॅमस्टेक संस्थेचं ‘उराशिमा’ हे यान फेब्रुवारी 2005 मध्ये फ्युएल सेलवर सुमारे 56 तासांत 317 किलोमीटर गेलं. म्हणजे कोल्हापूरहून निघून पुणे, लोणावळा ओलांडून खोपोलीच्या आसपास. वेग मात्र ताशी साडेपाच किलोमीटर, भरभर चालणाऱ्या माणसाइतका. थोडा वेळ जोरात पळायचं असेल तर बॅटरीच बरी.

गैरसमज : हायड्रोजनची सोय झाली की काम झालं.

वस्तुस्थिती : सगळ्यात जास्त फसगत इथे होते. बस ऑक्सिजन हवेतून फुकट घेते. पाण्याखाली तो बरोबर न्यावा लागतो, आणि तोही एक किलो हायड्रोजनला आठ किलो! समुद्राच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो, मासे त्यावरच जगतात. पण लिटरमागे तो जेमतेम काही मिलिग्रॅम भरतो. त्यावर एवढं यान कसं चालणार? शिवाय त्या नऊ किलो वायूंचं नऊ किलो पाणी होतं. ते बाहेर सोडलं तर यान हलकं होऊन वर येऊ पाहतं. म्हणून ते आतच साठवायचं, नाहीतर तोल सांभाळायची वेगळी सोय करायची. पाण्याखालच्या यानाची रचना करणाऱ्यांचं निम्मं डोकं या वजनाच्या हिशेबातच खर्च होतं.

गैरसमज : हायड्रोजन म्हणजे पाण्याखालचा बॉम्ब.

वस्तुस्थिती : धोका आहेच, पण दाबाखालची टाकी हा एकच मार्ग नाही. उराशिमात हायड्रोजन खास मिश्रधातूत मुरवून ठेवला होता. ऊब दिली की तो बेताबेताने सुटतो. नॉर्वेच्या ‘हुगिन 3000’ यानाने तर ॲल्युमिनियम आणि हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणारा अर्ध-फ्युएल सेल वापरला. याच जातीच्या यानामुळे 2001 मध्ये मेक्सिकोच्या आखातात, दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या यू-166 या जर्मन पाणबुडीचे अवशेष ओळखता आले.

गैरसमज : हे सगळं परदेशातच चालतं.

वस्तुस्थिती : हा समज मनापासून खोडावासा वाटतो. अंबरनाथला डीआरडीओची नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी आहे. तिथे फॉस्फोरिक ॲसिडचा फ्युएल सेल तयार झाला, आणि त्याला लागणारा हायड्रोजन पाणबुडीतच, लागेल तसा निर्माण करायची पद्धतही. मार्च 2021 मध्ये जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी यशस्वी झाली. लार्सन अँड टुब्रो आणि पुण्याची थर्मॅक्स या कामात भागीदार आहेत. मात्र ही यंत्रणा मानवरहित यानासाठी नाही, माणसं असलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांसाठी आहे, हा फरक लक्षात ठेवायला हवा. ती पाणबुडीत बसवण्यासाठी संरक्षण मंत्रालयाने डिसेंबर 2024 मध्ये मुंबईच्या माझगाव डॉकशी सुमारे 1,990 कोटी रुपयांचा करार केला.

कोल्हापुरात रसायनशास्त्र किंवा धातुशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी अंबरनाथचं नाव टिपून ठेवावं. समुद्र इथून दूर असला, तरी हे काम त्यांच्याच विषयांचं आहे.